राखेनं धुतलेली बाटली

गुरांच्या दवाखान्याच्या नोंदवहीत कुत्र्याला जागाच नव्हती. गाय, बैल, म्हैस, वासरू, शेळी, कोंबडी असे रकाने आखलेले, आणि अगदी कडेला 'इतर' नावाचा एक रकाना, इतका अरुंद की त्यात दोन आकडी संख्या लिहायची तर पेन्सिलीला टोक काढून घ्यावं लागे. त्या रकान्यात काही दिसलं की तपासणीला आलेला साहेब हमखास विचारायचा, "इतर म्हणजे काय हो?" कुत्रं म्हटलं की त्याचं तोंड आंबट व्हायचं. गुरांची औषधं कुत्र्यांवर उधळता का, असा पुढचा प्रश्न ठरलेला. म्हणून देवरावांनी सरळ कुत्र्याच्या पिल्लांना वासरं करून टाकलं. वासरांना जंतावर जे पातळ औषध सरकारातून येई तेच पिल्लांना चालायचं, फक्त माप अगदी थोडं. एका वर्षी अशी शंभरावर वासरं कागदावर जंताचं औषध प्याली. साहेब खूश झाले. "तुमच्या भागात पैदास चांगली दिसते," म्हणाले. देवरावांना हसूही आलं आणि चीडही आली, आणि दोन्ही गिळून त्यांनी सही घेतली.

देवराव सरकारी भाषेत व्रणोपचारक होते. म्हणजे जखम धुणारा, पट्टी बांधणारा. दवाखान्यात त्यांना ड्रेसर म्हणत आणि खेड्यापाड्यांत डाक्टर. उमरखेडच्या वाटेवर एका फाट्याला तो दवाखाना होता. दोन खोल्या, बाहेर गुरं अडकवायचा लाकडी खोडा, एक बाभूळ आणि एक हातपंप, तोही मनाला येईल तेव्हा पाणी देणारा. खरे डॉक्टर तीन दवाखान्यांचा भार डोक्यावर घेऊन फिरायचे, त्यामुळे आठवड्यातून दोनदा दिसायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे देवराव.

कुत्र्याचं वेड त्यांना एका जुन्या डॉक्टरांनी लावलं होतं. ते डॉक्टर बदलून गेले, वेड मागे राहिलं. कुत्र्याचा ओठ उचलायचा आणि हिरडी पाहायची. गुलाबी असली तर ठीक, खडूसारखी पांढरी असली तर आत कोणीतरी रक्त पीत बसलंय. शी काळी डांबरासारखी पडत असली तर आकड्यासारखे जंत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळत असलं तर पट्टीसारखे, पिसवांतून आलेले. आणि पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं असलं तर गोल जंत, जे त्याला जन्माआधीच आईच्या पोटात लागलेले असतात आणि वर तिच्या दुधातूनही मिळत राहतात. एवढं ज्ञान घेऊन देवराव बावीस वर्षं त्या फाट्यावर बसले होते आणि ते कोणाला हवंच नव्हतं.

त्यात तो काळ कापसाच्या संकटाचा. गावोगाव पाहणी पथकं यायची. जीपमधून उतरून बोंडं फोडून पाहायची, विहिरीत वाकायची, बायकांना चुलीपाशी जाऊन प्रश्न विचारायची. संकटावर उतारा म्हणून कुठं कुठं गाई वाटल्या गेल्या आणि त्या गाईंच्या औषधांची खोकी दवाखान्यात आली. पण ज्या कपाशीसाठी हा सगळा खटाटोप, ती रात्रंदिवस राखत होतं कोण? रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, आले की पुढं धावून जात होतं कोण? पथकातल्या लोकांचा त्या प्राण्याशी संबंध 'हाड' म्हणण्यापुरता. देवराव हे एकदा एका साहेबाला बोलून बसले. साहेब म्हणाला, "तुम्ही विनोदी आहात."

फाट्यापासून टेकडीच्या अंगानं दोन तास चालत गेलं की हिरासिंगचा तांडा लागायचा. हिरासिंग नायक जाऊन जमाना झाला, तांड्याला नाव तेवढं राहिलं. बंजाऱ्यांची चाळीस घरं, घरागणिक शेळ्या, आणि घरागणिक कुत्रं. तिथं रुक्माबाई राहायची. साठीची, अंगानं काटक, आणि तांड्यात कोणाच्याही भांडणात शेवटचा शब्द तिचा. लहानथोर तिला याडी म्हणत, म्हणजे आई. ऐकून ऐकून देवरावही तिला याडीच म्हणू लागले होते. मुलगा आणि सून हंगामाला ऊसतोडीवर जात, म्हणून नात पुष्पा आजीपाशीच वाढत होती. आणि पुष्पा वाढत होती ती लाखीच्या पिल्लांत.

लाखी ही रुक्माबाईची कुत्री. लाखेच्या रंगाची, एका कानाचा तुकडा डुकरानं नेलेला. तिच्यासारखी राखण करणारी कुत्री आसपासच्या चार तांड्यांत नव्हती, म्हणून तिच्या पिल्लाला सगळीकडून मागणी. पण पिल्लं जगतील तर ना. दर वेताला पाच-सहा व्हायची. महिन्याभरात पोटं तट्ट फुगायची आणि तांडा म्हणायचा, काय बाळसं धरलंय! मग केस राठ व्हायचे, खोकला लागायचा, एखादं पिल्लू शेवयांचा गुंता ओकावा तसे जंत ओकायचं. मग तांड्याचा उपाय, तंबाखूचं पाणी. त्यानं उरलीसुरली पिल्लंही आडवी व्हायची. कुत्रीचं दूध कडू आहे, असा निकाल तांड्यानं कधीच लावून टाकला होता.

देवराव महिन्यातून एकदा शेळ्यांच्या लसीसाठी तांड्यावर जायचे आणि लिंबाच्या पारावर बसून तेच ते सांगायचे.

"दूध कडू नाई बाप्पा, जंत हायेत. पिलू पंधरा दिवसांचं झालं का औषध पाजा लागते, मायले भी पाजा लागते. मंग दर पंधरा दिवसांनं, दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत. पुढं सहा महिन्यांपर्यंत महिन्याले एकडाव, अन् मोठ्या कुत्र्याले दर तीन महिन्याले. बकरं कापलं का कच्चं आतडं कुत्र्यापुढं फेकू नोका. आंगनातली घान उचलून गाडा. पोट्ट्याइचे हात धुवा, थे जंत माणसाले भी लागते."

खेमसिंग नावाचा एक जण होता तांड्यात, बोलण्यात सगळ्यांच्या पुढं. तो म्हणायचा, "डाक्टर, आमच्या पोट्ट्याइले जंताची गोळी सालातून एकडाव भेटत नाई, अन् कुत्र्याले दर तीन महिन्याले? पुढच्या जन्मी कुत्रं होतो मी."

पार हसायचा. देवरावही हसायचे, आणि उतरणीला लागले की वाटेतल्या दगडांना लाथा मारत घरी यायचे. घरी नलू, त्यांची बायको, पाय धुवायला पाणी देता देता विचारायची, "झालं का कीर्तन?"

"झालं."

"कोन्या कुत्र्यानं आयकलं का?"

अशी चार वर्षं गेली. आणि पाचव्या वर्षी, भर फवारणीच्या दिवसांत, एका बुधवारी सकाळी रुक्माबाई स्वतः दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

दोन तास चालून आली होती. पदरानं घाम पुसत म्हणाली, "भाऊ, लाखीले पाच पिलं झाले. अठरा दिवस झाले. यंदा शेतात डुकरं कळपानं येऊन राह्यले, लाखी एकटी कोनाकोनाले हाकलन? दोन पिलं जगले तरी पुरे. द्या तुमचं थे औषध."

देवरावांना काय करू नि काय नको असं झालं. चार वर्षं पारावर घसा फोडला होता त्याचं फळ समोर उभं होतं. आणि तेही दुसऱ्या कोणाला नाही, याडीला पटलं होतं! याडीची पिल्लं जगली की चाळीस घरं आपोआप येणार. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं, औषधाचा मोठा डबा काढला आणि म्हणाले, "बाटली दे."

बाटली आपली आपण आणायची हा दवाखान्याचा नेम होता. सरकार औषध डब्यानं पाठवायचं, बाटल्या पाठवायचं नाही. भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं: 'औषधासाठी स्वच्छ बाटली सोबत आणावी.' अक्षर देवरावांचंच. वळणदार, 'स्वच्छ'खाली रेघ मारलेली. आता कापसाच्या मुलखात घरोघर कसली बाटली असणार, हे ती ओळ लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं. कळलं होतंच. म्हणून देवराव प्रत्येक बाटली नाकाशी धरायचे, फवारणीच्या जहराचा वास आला की उकिरड्यात फेकायचे आणि माणसाला परत पाठवायचे.

रुक्माबाईनं पिशवीतून बाटली काढली. देवरावांनी ती नाकाशी धरली. वास होता. फार नाही, पुसट, जवळजवळ नाहीच म्हणावा इतका.

"याडी, ही फवारणीची हाय का?"

"होती. तीनदा धुतली न. राखेनं घासली, गरम पान्यानं धुतली, दिवसभर उन्हात ठिवली. आता काय तिच्यात?"

देवरावांनी पुन्हा हुंगलं. बाहेर चार गुरं उभी होती, कोणीतरी हाका मारत होतं. हिला परत पाठवायचं तर दोन तास उतरून आलेली बाई दोन तास चढून जाणार, आणि पुन्हा काही येणार नाही. येणारच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खेमसिंग पारावर काय म्हणेल तेही त्यांना ऐकू येत होतं. दवाखान्यात दुसरी बाटली नव्हती. हातपंप त्या दिवशी कोरडा होता. माठातल्या पाण्यानं त्यांनी बाटली दोनदा खळबळली आणि औषध भरून दिलं. पिल्लाला किती, लाखीला किती, ते मापाच्या नळीवर रेघ मारून दाखवलं. वहीत लिहिलं: वासरं, सहा.

तिसऱ्या दिवशी खेमसिंग शेळी घेऊन आला. त्या दिवशी त्याच्या तोंडात थट्टा नव्हती.

"डाक्टर, याडीचे पाचही पिलं गेले. औषध पाजलं अन् घंट्याभरात थरथरा कापाले लागले, तोंडाले फेस. लाखी तेवढी वाचली, पन ओकून ओकून नुसती पडून हाय. चांगलं औषध हाय तुमचं!"

थरथर, फेस. जंताच्या औषधानं फार तर पिल्लू ओकतं, पातळ शी करतं. फेस कशानं येतो हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फक्त तांड्याला ते सुचलं नव्हतं, कारण औषध नवीन होतं आणि बाटली घरची होती. बोट नव्या वस्तूकडेच गेलं.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. "खेमसिंग, बाटलीत जहर होतं आणि मला वास आला होता," एवढी एक ओळ. देवरावांच्या ती ओठापर्यंत आली. मग डोळ्यांपुढं नोंदवही आली, तिच्यातली शंभर खोटी वासरं आली, आणि निवृत्तीला उरलेली सहा वर्षं आली. ते म्हणाले, "शेळी खोड्यापाशी बांध."

डॉक्टरसाहेब सोमवारी आले. देवरावांनी अर्धवट सांगून पाहिलं, की तांड्यावर पिल्लं मेली, बाटलीचा दोष असावा. साहेब सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "कुत्रीच ना? सोडून द्या." देवरावांनी सोडून दिलं. कोणी सोडून द्यायला सांगावं याचीच जणू ते वाट पाहत होते. हे त्यांना नंतर कळलं, आणि त्याचा त्यांना जास्त राग आला.

पुढची दोन वर्षं त्या माणसानं स्वतःवर काढायचा राग जगावर काढला. सलाईनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून घरी उकळू लागले. नलूचं मोठं पातेलं त्यात कामी आलं, तेव्हा दोघांत आठवडाभर अबोला झाला. भिंतीवरची निळी ओळ त्यांनी चुन्यानं पुसून टाकली. साहेब विचारायला लागले, कोणाच्या परवानगीनं? घरात तेलाची बाटली असो की रॉकेलची, हाती आली की नाकाशी जायची.

"आता पान्याचा गडू भी हुंगान का?" नलू म्हणाली. "झालं काय तुमाले?"

"काई नाई झालं."

"मंग हुंगून काहून राह्यले?"

"तू आपलं काम कर!"

दुसऱ्या गावांत उकळलेल्या बाटल्यांतून औषध गेलं आणि पिल्लं जगली. दोन गावांत तर बाया न बोलावता पिल्लं पदरात घेऊन येऊ लागल्या. अडलं होतं ते एका तांड्यावर. देवराव पारावर चढले की आया पोरांना आणि कुत्र्यांना एकदमच आत घ्यायच्या. लाखी तर त्यांना टेकडीच्या वळणावरच ओळखायची. अर्ध्या कानाचं डोकं खाली घालून अशी गुरगुरायची की देवरावांना तिच्या डोळ्याला डोळा देववत नसे. रुक्माबाई शेळ्यांना लस घेऊ द्यायची, पाणी द्यायची, पिल्लांचा विषय काढायची नाही. तेही काढायचे नाहीत. त्या दोन वर्षांत लाखी तीनदा व्याली आणि तीनही वेतांची पिल्लं पोट फुगून मेली. "अडाणी लोक, यांच्या नशिबातच नाही," देवराव घरी येऊन ओरडायचे. नलू भाकरी थापत ऐकून घ्यायची. जो माणूस इतका ओरडतो त्याच्या आत काहीतरी अडकलेलं असतं, एवढं तिला कळत होतं.

मग एका सोमवारी रुक्माबाई पुन्हा दवाखान्यात आली. या वेळी पुष्पाचा हात धरून. पुष्पा सहाची झाली होती. आत येताना तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागला. स्टुलावर बसून ती देवरावांकडे पाहू लागली, ती चिमणी पाहते तशी, मान एका बाजूला वळवून.

"यवतमाळले गेलतो," रुक्माबाई म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात. हिच्या डाव्या डोळ्यानं दिसत नाई. कधीपासून, आमाले समजलंच नाई. शाळेतल्या मॅडमनं सांगतलं तवा समजलं."

पुढचं वाक्य आधीच ठाऊक असल्यासारखे देवराव टेबलाची कड धरून उभे राहिले.

"डोळ्याच्या डाक्टरनं इचारलं, घरी कुत्र्याचे पिलं हायेत का? पोरगी माती खाते का? मी म्हनलं, हाय, अन् खाते. तं थे म्हने, बहुतेक पिलाइच्या पोटातला जंत असन. त्याचे अंडे मातीतून पोटात जाते, अन् पोटातून डोळ्यात. उजवा डोळा चांगला हाय म्हने. डावा आता येत नाई." तिनं पुष्पाच्या केसांवरून हात फिरवला. "तुमी पारावर सांगत होते, थेच न हे?"

"थेच," देवराव म्हणाले.

आणि मग दोन वर्षं दाताखाली धरलेलं बाहेर आलं. त्यात धीर वगैरे काही नव्हता, दम संपला होता एवढंच. "याडी, तुहे पिलं औषधानं नाई मेले. बाटलीत फवारणीचं जहर होतं. मले वास आलता. तरी मी भरून देल्लं. तुले परत पाठवली असती तं तू आली नसती, म्हून देल्लं. अन् मंग भेवानं बोललो नाई."

रुक्माबाईचा चेहरा जराही बदलला नाही.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"जहर होतं थे. पिलाइले पाजलं अन् माह्या बोटाले चिकट लागलं, म्हून मी हुंगलं. बाटली धुतलती मी, तीनदा धुतलती. झाकन नवतं धुतलं. झाकनाच्या आतमंदी तसंच होतं सारं." तिनं आपला अंगठा बोटावर घासला, अजून चिकट लागत असल्यासारखा. "बाटली मी थ्याच दिवशी गाडली, गोठ्यामागं. मंग सारे म्हनाले लागले का औषधानं मेले. मी म्हनलं, म्हनू द्या. नाई तं म्हनले असते, रुक्मीनं आपल्या हातानं जहर पाजलं."

देवरावांना आधी काही कळेचना. मग सगळं एकदम कळलं. दोघांनी एकच गोष्ट लपवली होती, एकमेकांपासून, दोन वर्षं! ते इकडं भीत होते की ती बोट दाखवेल, आणि ती तिकडं भीत होती की ते दाखवतील. आणि दोघांनी मिळून ज्या बिचाऱ्या औषधाला आरोपी केलं होतं, ते या पोरीच्या घरी पोचलं असतं तर...

"दोन सालं, याडी!" ते जवळजवळ किंचाळलेच. "एक शब्द बोलली असती तं? काहून नाई बोलली तू?"

"तुमी काहून नाई बोलले?"

खोड्यात अडकवलेली एक म्हैस तेवढी फुरफुरत होती. पुष्पा मान वळवून एकदा आजीकडे, एकदा डाक्टरकडे पाहत होती. मोठी माणसं कशावरून भांडतात हे तिला कळत नव्हतं, आणि तिला सांगण्याची हिंमत दोघांतही नव्हती. देवराव खुर्चीत बसले. राग यायला आता कोणी उरलंच नव्हतं. साहेब, पथकं, रकाने, खेमसिंग, सगळे एकेक करून बाजूला झाले आणि शेवटी हेच दोघे राहिले, एक स्टुलापाशी आणि एक खुर्चीत.

पुष्पाला स्टुलावरून उतरवत रुक्माबाई म्हणाली, "लाखी याली हाय. सोळा दिवस झाले. चार पिलं हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव तांड्यावर चढले. पिशवीत उकळलेल्या दहा बाटल्या होत्या, झाकणंही उकळलेली, आणि औषधाचा डबा. रुक्माबाईनं तांडा पारावर जमवून ठेवला होता. आधी तीच बोलली, अर्धं बंजाऱ्यांच्या गोर बोलीत, अर्धं वऱ्हाडीत, आणि झाकणाशी आली तेव्हा तिचा आवाज फाटला. तांड्यानं याडीचा आवाज फाटलेला कधी ऐकला नव्हता. मग देवराव बोलले. मला वास आला होता, हे त्यांनी सगळ्यांपुढं दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ते फार हळू बोलले गेले.

खेमसिंग उठला. "मंग दोन सालं..." एवढंच म्हणाला आणि त्याची नजर पुष्पावर गेली. तो पुन्हा खाली बसला.

कोणी शिव्या दिल्या असत्या तर देवरावांना बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. मागच्या रांगेतली एक म्हातारी, हंसाबाई, उठून निघून गेली. आता एकेक जण असाच उठून जाणार असं देवरावांना वाटलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात दोरी होती आणि दोरीला ओढत आणलेलं एक मरतुकडं कुत्रं. तिनं ते पाराशी बांधलं आणि जागेवर जाऊन बसली.

सुरुवात मात्र लाखीच्या पिल्लांपासूनच व्हायची होती. लाखीला खांबाला बांधलं होतं. ती दात दाखवून गुरगुरत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. देवरावांनी बाटलीत औषध भरलं आणि रुक्माबाईपुढं धरलं.

"हुंग."

तिनं बाटली हुंगली. मग झाकण वेगळं घेऊन, उलटं करून, आतून हुंगलं. बोट फिरवून पाहिलं. मग दोन्ही वस्तू त्यांच्या हातात परत दिल्या.

"आता तुमी भी हुंगा. झाकन भी."

देवरावांनी हुंगलं. औषधाचा गोडसर वास होता, दुसरा कसलाही नव्हता. तरी त्यांनी पुन्हा हुंगलं.

पुष्पा पहिलं पिल्लू मांडीवर घेऊन बसली होती. हात आजीनं साबणानं धुवून दिले होते, आणि नंतर पुन्हा धुवायचे असं तीन वेळा बजावलं होतं. पिल्लाचं पोट आताच गोल दिसू लागलं होतं. देवराव उकिडवे बसले, मापाच्या नळीत औषध ओढून घेतलं आणि हात थांबला. नळीवरची बारीक रेघ त्यांना दिसेना. डोळे भरून आले होते. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. ते पुन्हा भरले.

पुष्पानं मान वळवली, उजवा डोळा नळीच्या अगदी जवळ आणला आणि विचारलं, "इथपर्यंतच न, डाक्टर?"

"तूच सांग, पुष्पे," देवराव म्हणाले. "नीट पाहून सांग. बराबर हाय का?"